रिकाम्या खळ्यातला हाकारा

मळणीला बैल धरले की खळ्यातनं एक वास उठतो. शेणाने सारवलेली जमीन, नवा पेंढा आणि बैलांचा घाम, तिन्हींचा मिळून एकच. दिवाळी मागे पडते, सकाळचं धुकं सावित्रीच्या पात्रातनं उठून डोंगराच्या कमरेपर्यंत येतं, रचून ठेवलेल्या भाताच्या भाऱ्यांच्या उडव्या मोडायला सुरुवात होते, आणि हा वास वाडीतल्या घराघरात शिरतो. मुंबईहून आलेली माणसं नाक वर करून म्हणतात, काय वास आहे! मग मानेला कुसं टोचली की दिवसभर अंग खाजवत बसतात. मला तो वास नको झालाय. आठ वर्षं झाली. दरसाल वाटतं, यंदा सर्दी व्हावी नि नाक बंद पडावं. होत नाही. म्हाताऱ्याला नको ते सगळे आजार होतात, हवा तो होत नाही.

यंदा आमचा मुलगा गणपत रजा काढून मळणीला आला. तो मुंबईला गिरणीत आहे. येताना त्याने ट्रान्झिस्टर आणला, कातड्याच्या पिशवीतला, आणि नेऊन टांगला खळ्याच्या मधल्या खांबाला. मी कडेला पेंढ्यावर बसलो होतो.

"ह्ये काय रे?" म्हटलं.

"म्युझिक, बाबा. टाइमपास. बैलांना पन बरं वाटतं."

बैल दोन फेऱ्या फिरले आणि थांबले. गणपतने शेपट्या पिरगळल्या. परत दोन फेऱ्या, परत थांबले. बैलाला अक्कल असते. खांबातला आवाज आपल्याशी बोलत नाही हे त्याला कळतं. तेवढ्यात गाणं संपलं आणि एक बाई बोलायला लागली. शुद्ध बोलत होती, प्रत्येक शब्द धुऊन वाळवून घडी घातलेला. वृद्धांनी म्हणे रोज सकाळी आवडीचं संगीत लावावं आणि त्याच्या ठेक्यावर हातपाय हलवावेत. मन प्रसन्न राहतं, सांधे मोकळे होतात.

"बाबा, ऐका, तुमच्यासाठीच हाय," गणपत हसला. "एक्सरसाईज."

मी उठलो नि घरी आलो. वाटेत थुंकलो, तेही सांगतो. लपवण्यासारखं काय आहे त्यात.

म्हाताऱ्यांना सल्ला द्यायला लोकांना फार आवडतं. म्हातारा उलट बोलत नाही, बोलला तर ऐकावं लागत नाही, आणि थोड्या दिवसांत तो मरणारच असतो, तेव्हा सल्ला खोटा का निघाला हे विचारायलाही येत नाही. सांधे मोकळे करा! आमची वाडी पोलादपूरच्या वर, दीड तासाच्या चढावर. मीठ संपलं तरी उतरायचं नि परत चढायचं. इथल्या म्हातारीच्या डोक्यावर मरायच्या आदल्या दिवशीपर्यंत पाण्याचा हंडा असतो. हिचे सांधे मोकळे करायला कोण येतो, तर ज्याला एसटीच्या दारातली पायरी चढताना दांडा धरावा लागतो तो. मी दुसरीपर्यंत शिकलो. पाटीवर शिकलो, ते बरंचसं पाटीवरच राहिलं. पण कोणी कोणाला काय शिकवावं एवढं मला कळतं.

असं मी आठ वर्षांपूर्वीही म्हणायचो. मोठ्याने म्हणायचो. आणि तेव्हा माझ्याच ओटीवर एक बाई पाय पसरून पडली होती, जिला चार पावलं चालता येत नव्हतं.

भागीवरनं वारं गेलं ते नाचणी कापताना. माझी बायको. वरच्या वरकस जमिनीत आम्ही दोघं कापत होतो. विळा तिच्या डाव्या हाताच्या मुठीला लागला तरी तिला कळलं नाही, कणसं रक्ताने भिजली, आणि मी ओरडलो, "डोळे फुटले काय गो?" शेवटचा शब्द कानात गेला नसेल, कारण ती बसली ती आडवी झाली. डावं अंग गेलं. तोंड थोडं वाकडं झालं, ते महिन्यात सरळ झालं. हात थोडा आला. पाय राहिला.

महाडला डॉक्टरकडे नेली. डोलीतनं खाली, मग एसटी. स्टँडपासून दवाखान्यापर्यंत मी आणि सुनेने काखेत धरून ओढत नेली. चवदार तळ्याच्या कडेला ती म्हणाली, मला जरा बसवा. बसवली. तळ्यात कोणी म्हातारी पायऱ्या उतरून पाय धूत होती, धुऊन वर आली, परत काहीतरी विसरलं म्हणून खाली गेली, परत वर. भागी नुसती तिच्याकडे बघत होती. म्हणाली, "किती येळा वर-खाली करते बगा. पाय हायेत म्हनून उधळते."

डॉक्टरने पायाला हातोडी मारली, टाच ओरबाडली आणि म्हणाला, पाय मेलेला नाही, विसरलाय. चालवा. रोज चालवा. पडून राहिली तर पडूनच राहील.

चालवा म्हणणं सोपं. मी सकाळी तिला उभी करायचो नि म्हणायचो, "चल." ती पायाकडे बघायची. मी परत म्हणायचो, "चल की गो." पाय काही चालायचा नाही. मग मी चिडायचो, आणि चिडलेल्या माणसापुढे कुणाचा पाय उचलेल?

तिला काय हवं होतं ते ती रोज देवीला सांगायची, मला ऐकू येईल असं. धनधान्य नको, नातवंडं नकोत, मुंबई बघायला नको. "मला माज्या पायानं परसाकडं जाऊ दे." बस. शेवंता, आमची सून, तिला उचलून न्यायची, बसवायची, धुवायची. कधी कुरकुरली नाही पोरगी. पण जिने चाळीस वर्षं पहाटे सगळ्यांच्या आधी उठून हातात तांब्या घेऊन कुंपणाची वई ओलांडली, तिला सुनेच्या गळ्यात हात टाकून जावं लागतं याची लाज काय असते, ते पुरुषाला सांगून कळत नाही. मला नव्हतंच कळत. मला वाटायचं, एवढी सेवा होते आहे, आणि काय पाहिजे?

त्याच दिवसांत फोनोमास्तर आला.

पोलादपूरला तेव्हा विकासाची कचेरी नवीन निघाली होती. जपानी भातशेती करा, शोषखड्डे खणा, असं सांगायला एकामागून एक माणसं डोंगर चढून यायची, घामाघूम व्हायची, चहा पिऊन उतरायची. हा आला तो फोनो घेऊन. चावी द्यायचा, पितळी कर्ण्याचा. लेंगा, सदरा, डोळ्यांना चष्मा, बोलणं पुण्याचं. नाव काय होतं कोणी विचारलं नाही, पहिल्याच दिवशी फोनोमास्तर झाला. देवळापुढच्या पटांगणात त्याने वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना गोळा केलं. संगीताच्या तालावर वृद्धांचा व्यायाम. आठवड्यातनं दोन सकाळी.

मी पाराला टेकून बघायला उभा होतो. घरात दुखणं असलेल्या माणसाला दुसऱ्याची फजिती बघायला बरं वाटतं.

तबकडी लावली. बँडचा आवाज, लग्नात महाडहून आणतात तसला. "आजोबा, हात वर! आजी, लाजायचं नाही, वर!"

महादू म्हणून एक होता, माझ्यापेक्षाही मोठा, पाठीत वाकलेला. त्याने वर बघितलं. "सायेब, वर काय टांगलंय? काय घ्यायचं हाय?"

"काही घ्यायचं नाही आजोबा. नुसता वर, नुसता खाली."

"मंग कशाला?"

"रक्त फिरतं."

"माजं तर लाकडाचा भारा आनताना रोज फिरतंय. परत इथं कशाला फिरवू?"

हसले सगळे. तरी हात वर गेले. मेंढरं! साहेब म्हणाला हात वर, हात वर. साहेब म्हणाला एक-दोन, एक-दोन. बायका डोक्यावरचा पदर सावरत एका हाताने करत होत्या, कारण दुसरा पदर धरायला लागायचा. मग फोनोची चावी उतरली. बँड घोगरा होत होत रेड्यासारखा हंबरला आणि बंद पडला. तेव्हा सगळ्यांचे हात वर होते. कोणी खाली घेईना. खाली घ्यायचा ताल आलाच नव्हता! मास्तर वाकून चावी देतोय, आणि पंधरा-सोळा म्हातारी माणसं देवळापुढे हात वर करून उभी, जशी काही छप्पर सावरून धरलीत नि छप्पर केव्हाच उडून गेलंय.

मी इतका हसलो की खोकला लागला.

मास्तर माझ्याकडे आला. राग नव्हता त्याला. राग येत नाही अशा माणसाचा मला फार राग येतो. "बाबा, तुमच्या घरी पक्षाघाताच्या बाई आहेत ना? त्यांना आणा इथे. बसून ऐकू देत नुसतं. पाय संगीत ऐकतो. कधी कधी माणसाचं ऐकत नाही, पण तालाचं ऐकतो."

"पाय ऐकतो?"

"हो. खरंच."

"मंग जोडे कानात घाला, सायेब," मी म्हटलं.

ते वाक्य वाडीत चार दिवस फिरलं. लोक मला भेटून हसायचे. मीही हसायचो. काय मोठं बोललो होतो!

घरी आलो तर भागी ओटीवर बसली होती. देवळापुढचा आवाज तिथपर्यंत यायचा. म्हणाली, "आवो, मला न्या की तिथं."

"कशाला? हात वर करायला?"

"तुमी हसता. बाकीची हसतात काय?"

"समदी हसतात. एकमेकाला."

"मंग मी पन हसंन."

मी म्हटलं, आमच्या घरातली बाई फोनोवर नाचायला जाणार नाही. तिने परत विचारलं नाही. ती कुठलीच गोष्ट दोनदा विचारायची नाही. तिचा हा गुण मी आयुष्यभर वापरून घेतला.

मग मळणी आली. आमच्याकडे भात आधी झोडतात, आणि पेंढ्यात राहिलेला दाणा बैलांच्या पायांखाली काढतात. तीन बैल एका दावणीत, दोर मधल्या खांबाला, आणि गोल गोल, गोल गोल. त्यांच्या मागे मी. मागे चालणाऱ्याने हाकारा घालायचा. तो आमच्या घरात बापाकडून मुलाकडे येतो. बायका म्हणत नाहीत. गाणं म्हणावं तर त्यात शब्द नाहीत. बैलाचं नाव, मग लांब 'हो', श्वास संपेपर्यंत. मग पुढच्या बैलाचं नाव, परत 'हो'. नाव आखूड, 'हो' लांब. नावावर बैल पाय उचलतो, 'हो'वर टाकतो. बस, एवढंच. पण नाव घेतल्याशिवाय बैल पाय उचलत नाही, हे लक्षात ठेवायचं. ज्याला चालवायचं त्याचं नाव.

शेवंता खळ्यात पेंढा उलटायला, त्यामुळे म्हातारीला घरी एकटी कशी ठेवायची? म्हणून तिलाही आणून गोणपाटावर बसवायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोकल्यामुळे थांबलो, तर ती म्हणाली, "आवो, तुमी थांबलात का पाय थांबतो."

"गप गो."

"खोटं नाय. बगा."

मी हाकारा घातला. तिच्या डाव्या पायाचा अंगठा हलत होता. नावावर वर, 'हो'वर खाली. मी थांबलो, अंगठा थांबला. परत घातला. परत हलला. मी अंगठ्याकडे बघत बघत फेरी मारली, बैलाच्या मागच्या पायाला धडकलो.

"ऊठ," म्हटलं.

"ढोरामागं चालू?"

"माजा जलम गेला ढोरामागं. तुला काय झालं?"

खांबालगतचा बैल सगळ्यात कमी चालतो, म्हणून तिथे म्हातारा बैल बांधतात. आमचा हौशा. त्याच्या मागचा दोर भागीच्या उजव्या हातात दिला. शेवंता डावीकडे. मी हाकारा घातला, "हौशाऽ हो..." आणि हौशाने पाय उचलला, भागीने पाय उचलला. फरफटत का होईना, उचलला. पहिल्या दिवशी दीड फेरी. मग घामाने भिजून बसली आणि हसायला लागली. म्हणाली, "हौशा माज्यापेक्षा दमला."

किती दिवस चाललं ते असं? नऊ-दहा दिवस असेल. सकाळी ऊन खळ्यावर यायचं, पेंढ्याची धूळ त्यात तरंगायची, बैलांच्या मुसक्यांतून वाफा निघायच्या, आणि त्या सगळ्यात माझी बायको गोल फिरायची. पहिल्यांदा शेवंताचा हात, मग नुसता दोर. मी सुखी होतो काय? मला ते माहीत नव्हतं. मला वाटायचं मी मळणी करतोय.

एका सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो, तर भागी घराच्या मागनं, कुडाला धरत धरत येताना दिसली. हातात तांब्या. एकटी. शेवंता चुलीपाशी होती, तिने दारातनं बघितलं आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. भागी आमच्यापुढे येऊन उभी राहिली, जसं काही मुंबई बघून आली.

मी म्हटलं, "तांब्या सांडलास काय गो?"

दुसरं काही सुचलंच नाही. मग बैलांना पाणी दाखवायला गेलो. बैल मघाशीच पाणी प्याले होते, ते माझ्याकडे बघत राहिले.

पण भात किती असणार आमचं? खळं रिकामं झालं. दाणा कणगीत गेला, पेंढा माळ्यावर, बैल चरायला सुटले. दोन दिवसांत भागीचा पाय जड व्हायला लागला. कुडाला धरून निघायची नि मध्येच उभी राहायची, जशी वाट विसरली. तिसऱ्या सकाळी मला म्हणाली, "खळ्यात न्या. एकदा म्हना."

आमच्याकडे नेम आहे. रिकाम्या खळ्यात हाकारा घालायचा नाही. दाणा नसताना हाक घातली तर पुढल्या साली खळं रिकामंच राहतं, असं माझा बाप सांगायचा, त्याचा बाप सांगायचा. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "भात नाय तर नाय. नाचनी खाऊ."

म्हणून नेली. खांबाला धरून उभी केली. सवयीने तोंडातनं आलं, "हौशाऽ हो..." तिचा पाय उचलला नाही. परत म्हटलं. नाही.

"हौशा कुठं हाय हितं?" ती म्हणाली. "कुनाला हाक मारता?"

"मंग कुनाला मारू?"

"चालनाराला मारा."

आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. बायको नवऱ्याचं घेत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण नवराही घेत नाही. 'गो' म्हणतो, मुलगा झाला की 'गणपतची आई'. लग्नात घास भरवताना घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर चाळीस वर्षांत मी ते नाव तोंडात घेतलं नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. मग घातला हाकारा, आधी हळू, मग हाकाऱ्याला लागतो तेवढ्या पुऱ्या आवाजात, कारण तो हळू घालताच येत नाही. "भागेऽ हो... भागेऽ हो..."

आणि ती चालली. दोर नाही, सून नाही, बैल नाही. तीन फेऱ्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला तो तिने उचलला नाही. बायका पदर पडल्यावर आधी तो सावरतात, मग श्वास घेतात. तिने सावरला नाही. तोंडावर काय होतं ते मला सांगता येत नाही. दुसरी शिकलेल्याला येत नाही, आणि जास्त शिकलेल्यालाही येणार नाही.

वईपलीकडून आवाज आला, "काय बाबा, यंदा नवीन जनावर घेतलंत काय? नाव बरं ठेवलंय."

दगडू. शेजारी. शेळ्यांना पाला तोडायला आला होता.

दुपारपर्यंत वाडीभर झालं. बाबा बायकोची मळणी करतो. पाणवठ्यावर बायका शेवंताला विचारायला लागल्या, "तुजी सासू किती दाना काढते गो?" माणसं मला वाटेत बघून लांब 'हो' काढायची. ज्यांनी देवळापुढे हात वर करून स्वतःचं हसं करून घेतलं ती माणसं! दुसऱ्या दिवशी फोनोमास्तर धापा टाकत आला, आनंदाने लाल झालेला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, हेच! हेच मी सांगत होतो! तुमचं तर फोनोपेक्षाही भारी. पोलादपूरला मेळावा आहे, अलिबागहून साहेब येणार आहेत. तुम्ही दोघं या. तिथे दाखवा. लोकांना कळू दे."

तो मूर्ख होता आणि तो बरोबर होता. मूर्ख माणूस बरोबर निघाला की त्याचं काय करावं ते कळत नाही. चुकलेल्या शहाण्याला हाणून पाडता येतं.

मी म्हटलं, "आमच्या घरात तमाशा होत नाय." आणि त्याचा हात खांद्यावरून काढला.

आत आलो नि भागीला म्हटलं, "रिकाम्या खळ्यात हाकारा घालायचा नसतो. पुढल्या साली मळणी हायेच."

ती म्हणाली, "बरं."

लोकांना मी नावं ठेवली, दगडूला अजून ठेवतो. पण दगडूने माझं तोंड शिवलं नव्हतं. दगडू एक वाक्य बोलला आणि पाल्याचा भारा घेऊन गेला. बाकीचं मी केलं. बापाचा नेम पुढे धरला, त्याच्या मागे लपलो. शेताला मी कधी भ्यालो नाही, डुकराला नाही, पुराच्या पाण्याला नाही. भ्यालो ते पाणवठ्यावरच्या हसण्याला. असल्या माणसाला बाबा म्हणून वाट देतात या वाडीत.

शिमग्याला तिला ओटीपर्यंतही उचलून आणावी लागली. चैत्रात गेली. लोक आले, बसले, म्हणाले सुटली बिचारी. कशातनं सुटली ते विचारलं असतं तर एकालाही सांगता आलं नसतं. फोनोमास्तरही आला होता. चढून आला, पाणीसुद्धा मागितलं नाही, ओटीच्या कडेला बसला. त्या दिवशी तो संगीत म्हणून एक शब्द बोलला असता तर मी त्याला खाली ढकलला असता. तो काही बोलला नाही. तासभर बसून गेला. त्याचं ते न बोलणं मी त्याला अजून माफ केलेलं नाही. पुढे त्याची बदली झाली. म्हातारा महादू मात्र मरेपर्यंत सकाळी अंगणात हात वर-खाली करायचा. फोनो नव्हता, तर बँड तोंडाने वाजवायचा. मी जाता-येता त्याला वेडा म्हणायचो.

एवढी वर्षं मी एका गोष्टीवर तगून होतो, तीही सांगतो. माझ्या मनात शेवंताचा दोष होता. मी नव्हतो घरात, ती होती. धडधाकट पोरगी. काखेत धरून चार पावलं चालवायची होती सासूला. रोज. डॉक्टरने तिच्यासमोर सांगितलं होतं. हे मी कधी बोललो नाही, पण ताटात भाकरी पडली की मनात यायचं.

काल बोललो. ती अंगणात सुपात भात पाखडत होती. माझं टाळकं रेडिओवरनं फिरलेलंच होतं. म्हटलं, "तू घरात होतीस गो तेव्हा. तुला तिला चालवता आली नाय?"

शेवंता सुनेसारखी सून आहे. आठ वर्षांत माझ्याशी जेवायला या नि पाणी तापलंय यापलीकडे बोलली नसेल. तिने सूप खाली ठेवलं. पदर पुढे ओढला. आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"रोज उठवायची मी, मामंजी. तुमी रानात गेलात का त्याच म्हनायच्या, चल गो, हाकारा म्हन. मी ताट वाजवलं, टाळ्या वाजवल्या, 'हो' म्हटलं तुमच्यासारखं लांब. एक पाऊल टाकायच्या नि थांबायच्या. म्हनायच्या, नुसतं 'हो' नको, नाव घे. नाव घेतल्याबिगर पाय उचलत नाय. माज्या पाया पडल्या एकदा, नाव घे म्हनून."

"मंग?"

"मंग काय, मामंजी. सासूचं नाव मी सुनेनं कसं घेऊ?"

तिने सूप उचललं. गणपत आईला आये म्हणायचा, आणि तोही तेव्हा मुंबईत. त्या घरात ते नाव घेऊ शकेल असा माणूस एकच होता, आणि तो त्या दिवसांत राब भाजायला झाडांचं टहाळ तोडायचं निमित्त करून भाकरी रानातच मागवत होता.